क्लाइंबरचा खालचा भाग सॅडलसाठी वापरताना पकड कशी टिकवावी?

वाटसरू_मिशिगन

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. गेली ६ वर्षे धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणांची शिकार करतो आणि बहुतेक वेळा वॉटर्लू किंवा पिंकनीच्या सरकारी जंगलात जातो. आमच्याकडे धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम लागेपर्यंत अखंड चालतो. त्यापूर्वी माझ्या साधनाचा एक प्रश्न सोडवायचा आहे. या संस्थळावर अमेरिकेत शिकार करणारे काही जण आहेत आणि दोर, गाठी, धातू यांतले जाणकारही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना या वस्तू माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्लाइंबर म्हणजे झाडावर चढत जाणारे दोन भागांचे मचाण. वरच्या भागावर बसायचे, पायांत अडकवलेला खालचा भाग वर ओढून घ्यायचा, मग त्यावर उभे राहून वरचा भाग सरकवायचा. सुरवंट चालतो त्याच पद्धतीने माणूस खोडावरून २० फूट वर जातो. प्रत्येक भागाची तार खोडाच्या मागून वळसा घेते आणि पुढच्या बाजूला दाते असलेला इंग्रजी व्ही आकाराचा दांडा सालीत रुततो. सॅडल म्हणजे कमरेभोवती आणि मांड्यांखाली बसणारी पट्ट्यांची झोळी. तिच्या पुढच्या दोराला ब्रिज म्हणतात. हा ब्रिज खोडाला बांधलेल्या टेदर नावाच्या दोरात अडकवून माणूस झाडाकडे तोंड करून मागे रेलतो. पायांखाली एक लहानसा प्लॅटफॉर्म असला की तासन्‌तास बसता येते आणि खोडाच्या आडोशाने जवळजवळ सर्व दिशांना बाण सोडता येतो.

माझे क्लाइंबर २० पौंडांचे आहे. त्याचा बसण्याचा भाग घरी ठेवून फक्त खालचा भाग सॅडलबरोबर वापरला तर ओझे बरेच हलके होते आणि वेगळ्या पायऱ्यांच्या काठ्याही विकत घ्याव्या लागत नाहीत. चढताना टेदरवर बसून पायांनी प्लॅटफॉर्म, म्हणजे हा खालचा भाग, वर ओढायचा, त्यावर उभे राहून टेदर वर सरकवायचा, इतकी सोपी रीत आहे. वर चढण्यात मला काहीच अडचण आली नाही.

अडचण आली ती वर स्थिरावल्यावर. गेल्या शनिवारी घरामागच्या रेड ओकवर, जमिनीपासून जेमतेम २ फुटांवर सराव करत होतो. उजवा पाय प्लॅटफॉर्मच्या खोडालगतच्या कोपऱ्यावर ठेवून मी खोडाला वळसा घालून डावीकडे निशाण धरायला गेलो. दात्यांखालची साल कुरकुरली, प्लॅटफॉर्म वीतभर फिरला आणि मागची तार सैल होऊन माझ्या डोळ्यांदेखत खाली लोंबली. टेदर ताणलेला होता म्हणून मी जागच्या जागी लटकलो, काही लागले नाही. खाली उतरून पाहिले तर सालीवर चार समांतर ओरखडे होते, प्रत्येक बोटभर लांब आणि आतून विटकरी रंगाचे.

आता माझ्या मनात तीन बदल आहेत. प्लॅटफॉर्मची खोली २८ इंच आहे, ती कापून १६ इंच करावी. दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यासाठी ॲल्युमिनियमचे पंख वेल्डिंग करून घ्यावेत. आणि तारेला कसून ताणणारे काहीतरी बसवावे. यांपैकी काय करावे आणि काय करू नये, हे कृपया कारणांसह सांगावे.

---

मेधा_ट्रॉय

वाटसरू, पहिले दोन बदल करू नका. मी गाड्यांच्या सुट्या भागांची थकवा-चाचणी (वारंवार भार देऊन भाग कधी तुटतो ते पाहणे) करते, शिकार करत नाही. पण तुमचा प्रश्न मुळात पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्या कंसाचा (ब्रॅकेटचा) आहे. उभ्या नळीवर सैल बसलेला कंस टोकाला वजन टांगले की घट्ट धरतो आणि वजन नळीजवळ आणले की घसरतो. क्लाइंबरची पकड तंतोतंत याच तत्त्वावर चालते.

तुमचे वजन प्लॅटफॉर्मच्या पुढच्या भागावर पडते तेव्हा तो खाली झुकू पाहतो. ते झुकणे दोन ठिकाणी अडते: वरच्या बाजूला तार खोडाच्या मागच्या अंगाला आवळते आणि खालच्या बाजूला दाते पुढच्या अंगाला रुततात. तार आणि दाते यांच्यातले उभे अंतर १० इंच आहे असे धरा. पाय खोडापासून १५ इंचांवर असतील तर खोडावर दोन्ही बाजूंनी येणारा दाब तुमच्या वजनाच्या दीडपट होतो. तेच पाय ४ इंचांवर आणले तर दाब वजनाच्या चार-दशांश उरतो. पहिल्या स्थितीत न घसरण्यासाठी घर्षणगुणांक, म्हणजे दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाचे माप, साधारण ०.३३ पुरतो, दुसऱ्या स्थितीत तो १.२५ लागतो. खोडाच्या जाडीमुळे प्रत्यक्षात काहीसा फायदा मिळतो, तो मी हिशेबात धरलेला नाही; पण कल कोणत्या दिशेचा आहे ते स्पष्ट व्हावे. माणूस ६० किलोचा असो की १०० किलोचा, या गणितात वजन दोन्ही बाजूंना येते आणि कटून जाते. उरते ते फक्त अंतर.

क्लाइंबरवर बसलेला माणूस झाडाकडे पाठ करून पाय पुढे ठेवतो, त्यामुळे हे अंतर आपोआप राखले जाते. सॅडलमधला माणूस झाडाकडे तोंड करून उभा असतो, त्याचे पाय खोडाजवळ येतात आणि वजनाचा मोठा वाटा टेदर उचलतो. सरळ मागे रेललेले असताना तुमचे पाय प्लॅटफॉर्मला खोडाकडे ढकलतात, त्यामुळे दाते रुतलेले राहतात आणि सर्व ठीक वाटते. तुम्ही बाजूला वळलात की तोच जोर आडवा होतो. त्या क्षणी तार जवळजवळ सैल असते आणि प्लॅटफॉर्मला फिरण्यापासून अडवणारे काही उरत नाही. शनिवारी हेच घडले.

म्हणून खोली कापणे म्हणजे जी थोडी पकड आहे तीही कापून टाकणे. बाजूचे पंख लावणे म्हणजे फिरवणाऱ्या जोराला अधिक लांब तरफ देणे.

वेल्डिंगविषयी वेगळे लिहायला हवे. अशा चौकटींत बऱ्याचदा ६०६१-टी६ जातीचे ॲल्युमिनियम असते. कारखान्यातून आलेल्या स्थितीत त्याची नमन-मर्यादा (ज्या ताणानंतर धातू कायमचा वाकतो) सुमारे २७६ मेगापास्कल असते, पण ती उष्णताप्रक्रियेने आलेली ताकद आहे. वेल्डिंगची धग लागलेल्या पट्ट्यात ती निम्म्याच्याही खाली येते. कारखाना हे जाणून जाडी आणि जोडाची जागा ठरवतो. आपण घराजवळच्या वर्कशॉपमध्ये नवा तुकडा जोडतो तेव्हा नेमका तो दांडा मऊ होतो जो आपल्याला हवेत धरून ठेवणार आहे, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. शिवाय पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. लहान लहान भार वारंवार पडूनही भेग पुढे सरकतच राहते. ताण येणाऱ्या कडेला भोक पाडले तर त्या भोकाच्या काठाशी ताण सुमारे तिप्पट होतो. कापणे, वेल्डिंग, भोक, तिन्ही नकोत. जे काही लावाल ते पट्ट्याने बांधलेले आणि सोडवता येण्यासारखे असू द्या.

---

वाटसरू_मिशिगन

मेधाताई, मनापासून आभार. तुमचे वाचून मी गॅरेजमध्ये प्लॅटफॉर्म जमिनीला टेकवून ठेवला, त्यावर वजनकाटा ठेवला आणि वरच्या तुळईला टेदर बांधून पाहिले. माझे वजन ७८ किलो आहे. थोडे रेललो की काटा ५० च्या आसपास दाखवतो. सॅडलमध्ये पूर्ण बसलो की २० च्याही खाली येतो. म्हणजे ज्या वजनाच्या भरवशावर ही चौकट झाडाला धरून राहते, त्यातले तीन-चतुर्थांश वजन मी स्वतःच काढून घेत होतो. हे आधी लक्षात यायला हवे होते.

---

जुना_शिकारी_विस्कॉन्सिन

वाटसरू, मी १७ वर्षे इथल्या जंगलात शिकार करतो आहे, त्यातली शेवटची ५ वर्षे सॅडलवर. तुम्ही जे करत आहात ते करून पाहिलेले आहे. मेधाताईंनी कारण सांगितले, मी उपाय सांगतो.

तार काढू नका, तिला ताणणारे काही बसवूही नका. तार चढण्याचे काम करते, तिला तेच करू द्या. वर स्थिरावल्यावर एक स्वतंत्र पट्टा दात्यांच्या पातळीवर खोडाभोवती घ्या, त्याची दोन्ही टोके व्ही दांड्याच्या दोन बाजूंना चौकटीत अडकवा आणि रॅचेटने (एकाच दिशेने दात्या-दात्याने कसत जाणारी कळ) आवळा. या पट्ट्याचा दाब तुमचे पाय कुठे आहेत यावर अवलंबून राहत नाही. तुम्ही पूर्ण वजन सॅडलमध्ये घेतले तरी दाते सालीत दाबलेलेच राहतात. बऱ्याच क्लाइंबरबरोबर असा स्थिरतेचा पट्टा मुळातच येतो आणि लोक तो खोक्यातच ठेवतात. आधी तुमचे खोके पाहा.

पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ओले झाले की ताणते आणि पहाटेच्या दवात पट्टा कधी सैल झाला ते कळत नाही. आवळल्यानंतर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळा, कारण दात्यांखालची साल तोवर दबलेली असते. रॅचेटच्या दट्ट्याचा टक्‌टक्‌ आवाज शांत पहाटे फार लांब जातो, म्हणून त्यावर जुन्या लोकरी मोज्याची पट्टी शिवून घ्या. पट्टा उन्हात महिनोन्‌महिने झाडावर सोडू नका.

पंखांच्या जागी पायऱ्यांचे कडे वापरा. एका पट्ट्यावर ओवलेल्या चार-पाच लहान पायऱ्या प्लॅटफॉर्मच्याच उंचीवर, पण प्लॅटफॉर्मला न जोडता, स्वतंत्रपणे खोडाभोवती आवळायच्या. बाजूला किंवा मागे वळायचे असेल तेव्हा पाय त्या पायरीवर जातो आणि आडवा जोर थेट खोडाला मिळतो. प्लॅटफॉर्मला त्याची खबरही लागत नाही.

आता झाडाविषयी, कारण निम्मे अपघात चुकीच्या झाडामुळे होतात असे माझे मत आहे. शॅगबार्क हिकरीवर क्लाइंबर लावू नका. तिची साल लांब फळ्यांसारखी सुटलेली असते आणि दाते त्या फळीला धरतात, झाडाला नव्हे. बीच झाडाची साल गुळगुळीत आणि पातळ असते; कोरड्या दिवशी चालते, पण साल ओली होऊन गोठली की दाते काचेवर ठेवल्यासारखे होतात. ओक, तोही हातभर रुंदीचा आणि खालचा भाग बिनफांदीचा, सर्वांत विश्वासाचा. खोड वर निमुळते होत जाते, म्हणून जमिनीवर सुरुवात करताना प्लॅटफॉर्मचे पुढचे टोक थोडे वर उचललेले ठेवा; २० फुटांवर पोहोचेपर्यंत ते आपोआप सपाटीला येते. सुरुवातीलाच सपाट ठेवले तर वर गेल्यावर ते खाली कलते आणि हवेत तार कमी करत बसावे लागते. ते काम अंधारात करू नये.

---

गुहागरकर

या चर्चेत माझा अधिकार नाही, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच संपला आहे. पण वर्णन वाचून वाटले की हे तर आमच्या वाडीतले नारळावर चढायचे यंत्र आहे. केरळमधल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने बनवलेले यंत्र कोकणात बऱ्याच बागायतदारांकडे आहे. उजव्या आणि डाव्या पायासाठी दोन वेगळे भाग, प्रत्येकाची पोलादी तार माडाभोवती; एका पायावर भार दिला की तो भाग धरतो, दुसरा मोकळा होऊन वर सरकतो.

वाटसरूंच्या कामाची एक गोष्ट सांगतो. नारळ पाडताना गड्याला बाजूला झुकून कोयती चालवावी लागते. आमच्याकडे यंत्रावर काम करणाऱ्या मुलांना पहिली शिकवण हीच असते की झुकायचे असेल तर आधी सुरक्षा-पट्टा माडाभोवती घ्यायचा आणि दोन्ही पायांवर सारखा भार ठेवायचा. ज्या पायावरचा भार हलका होतो, तो भाग सैल होतो. एकदा आमच्या गड्याचा डावा भाग असाच दोन हात खाली घसरला आणि तो उजव्या पायावर व पट्ट्यावर लटकून राहिला. तेव्हापासून दोन्ही भाग जाड सुतळीने एकमेकांना बांधलेले असतात. माड वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच जाडीचा असतो म्हणून तार कमी-जास्त करावी लागत नाही. तेवढा आमचा मार्ग तुमच्यापेक्षा सोपा आहे.

---

कातळवेडा

गुहागरकरांनी सुतळीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी पुण्याचा, सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. प्लॅटफॉर्मविषयी वर पुरेसे आले आहे; मला दोराची काळजी वाटते.

वाटसरू, तुम्ही शनिवारी वाचलात ते टेदर ताणलेला होता म्हणून. हाच नियम समजा. तुमचा टेदर स्टॅटिक दोराचा असणार, म्हणजे न ताणला जाणारा. आम्ही प्रथम चढणाऱ्या गड्याला असा दोर कधीच देत नाही, कारण पडल्यावर येणारा झटका दोर पोटात घेत नाही, तो शरीरात उतरतो. पडण्याचे अंतर भागिले दोराची लांबी, हे गुणोत्तर पाहायचे असते. तीन फुटांच्या टेदरवर तीन फूट पडलात तर ते १ होते आणि स्टॅटिक दोरावर हे फार मोठे आहे. टेदरची गाठ उभे असताना डोक्याच्या पातळीवर हवी आणि ढील हातभरही नको. चढताना प्रत्येक पावलाला आधी प्रुसिक (मुख्य दोराभोवती बारीक दोरीची गाठ, जी मोकळी असताना सरकते आणि भार आला की धरते) वर सरकवा, मग शरीर उचला. उलटा क्रम केला की ढील तयार होते.

प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा स्पष्टपणे बारीक हवी. ११ मिलिमीटरच्या दोरावर ६ किंवा ७ मिलिमीटरची घ्या. सारख्याच जाडीची दोरी धरत नाही. टेदरच्या मोकळ्या टोकाला जाड अडगाठ मारून ठेवा, म्हणजे हात चुकून प्रुसिक खाली सरकलीच तरी टोकावरून निसटणार नाही. फांदी ओलांडताना टेदर सोडावा लागतो, त्या वेळी दुसरा टेदर आधी फांदीच्या वर बांधून, त्यावर भार देऊन, मगच पहिला सोडायचा. एका क्षणासाठीही शून्य दोर नको.

आणि एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर धाग्यात अजून आलेले नाही. तुम्ही २० फुटांवर सॅडलमध्ये बसला आहात आणि प्लॅटफॉर्म सुटून खाली पडला. आता उतरणार कसे? वरचा भाग तर घरी आहे.

---

वाटसरू_मिशिगन

कातळवेडा, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वाचल्यावर पोटात गोळा आला. आजवर ज्या झाडांवर चढलो तिथे काय झाले असते, याचा विचार केला नव्हता.

---

कातळवेडा

उत्तर अवघड नाही. वर खोडाभोवतीचा वळसा आणि गाठ धरूनही टोक जमिनीला टेकेल एवढ्या लांबीचा एक स्टॅटिक दोर आणि फिगर-ऑफ-एट किंवा तत्सम उतरण्याचे साधन सॅडलला कायम अडकवलेले ठेवा. खरे तर टेदर म्हणून हाच लांब दोर वापरला तर वेगळे ओझेही होत नाही: वरचे टोक खोडाभोवती सरकफासाने आवळलेले, उरलेला दोर पिशवीत. प्लॅटफॉर्म गेला तर पिशवी खाली सोडायची, साधन चढवायचे, त्याच्या खाली प्रुसिक राखणीला ठेवायची आणि उतरायचे. सरकफासाच्या फाशाला एक बारीक दोरी बांधलेली असली की जमिनीवरून ओढून दोर परत मिळतो.

हे आधी दिवसाउजेडी, ५ फुटांवर, हातमोजे घालून दहा वेळा करा. त्याचबरोबर प्लॅटफॉर्म सॅडलला एका दोरीने बांधलेला असू द्या, म्हणजे सुटला तरी तो तुमच्या पायांखालीच लोंबेल. फोन आणि शिट्टी पाठीवरच्या पिशवीत नको, छातीच्या खिशात हवी. लटकलेल्या माणसाचा हात पाठीवर पोहोचत नाही. आणि किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघा.

---

नवा_वाचक

एवढे सगळे करण्यापेक्षा तयार सॅडल-प्लॅटफॉर्म विकत का घेऊ नये? तो ४-५ पौंडांचा मिळतो असे ऐकले आहे.

---

जुना_शिकारी_विस्कॉन्सिन

घ्यावा, ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावा. तो याच कामासाठी बनवलेला असतो, त्यामुळे आडव्या जोराचा विचार मुळातच केलेला असतो आणि त्याचा पट्टा दांडा खाली दाबून कसला जातो. पण तो प्लॅटफॉर्म तुम्हाला वर नेत नाही. चढायला काठ्या वेगळ्या लागतात आणि दोन्हींचा खर्च मिळून बराच होतो. सरळ ओकांच्या जंगलात ज्याच्याकडे आधीच क्लाइंबर आहे, त्याने ते न कापता, न जोडता वापरून पाहणे गैर नाही. फक्त एवढे मान्य करायचे की उत्पादकाने हे साधन त्याच्या दोन्ही भागांसह तपासले आहे, आणि तुम्ही वेगळ्या पद्धतीने वापरता तेव्हा त्याची हमी तुमच्यामागे उभी नाही.

मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर झाडाच्या सालीच्या आत घुसणारे खिळे, बोल्ट किंवा स्क्रूच्या पायऱ्या चालत नाहीत आणि मचाणावर तुमची ओळख नोंदवलेली असावी लागते, हे वाटसरूंना माहीत असेलच. पायऱ्यांचे कडे पट्ट्याचे असते, त्यामुळे त्यात अडचण नाही.

---

वाटसरू_मिशिगन

आज सकाळी त्याच ओकवर चाचणी केली, ती लिहून धाग्यावर ठेवतो.

स्थिरतेचा पट्टा खरोखरच खोक्यात निघाला, पाकीटसुद्धा फोडलेले नव्हते. शनिवारच्या ओरखड्यांपासून थोडा वर, जमिनीपासून २ फुटांवरच प्लॅटफॉर्म बसवला. आधी पट्ट्याशिवाय: उजव्या कोपऱ्यावर पाय, डावीकडे वळण. दुसऱ्याच प्रयत्नात दाते हलले. मग पट्टा आवळला, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा आवळला. दट्ट्या आणखी तीन दाते पुढे गेला, म्हणजे सालीने तेवढी जागा दिली होती. त्यानंतर तीच हालचाल दोन्ही बाजूंना वीस-वीस वेळा केली. खडूने खोडावर आणि चौकटीवर एकच रेघ ओढून ठेवली होती. शेवटी दोन्ही रेघा जुळलेल्या होत्या. पूर्ण वजन सॅडलमध्ये घेऊन टाचेने प्लॅटफॉर्मला खालून वर ठोकरून पाहिले, तेव्हाही तो सुटला नाही. पट्ट्याशिवाय हीच ठोकर दिली तर तो लगेच उचलला जातो.

पायऱ्यांचे कडे मागवले आहे. ते येईपर्यंत खोडाच्या मागे वळायचेच नाही, समोरचे आणि डावीकडचे बाण तेवढे घ्यायचे, असे ठरवले आहे.

लांब दोर ३० फुटांचा आणला. ५ फुटांवरून उतरण्याचा सराव सात वेळा झाला. पहिल्या तीन वेळा प्रुसिक साधनाच्या फार जवळ येऊन अडकली. तिची दोरी आखूड केल्यावर ती साधनापासून दूर राहिली आणि उतरणे सुरळीत झाले. उरलेले तीन उद्या कामावरून आल्यावर, अंधार पडायच्या आत करतो.

मेधाताई, एक शेवटची शंका आहे. तारेच्या टोकाला जिथे धातूची नळी दाबून बसवली आहे, तिथे तारेचा एक धागा तुटून बाहेर आला आहे. केसाएवढाच बारीक आहे. हा हंगाम काढता येईल का?

---

मेधा_ट्रॉय

नाही. दाबलेल्या नळीच्या तोंडाशीच तार सर्वाधिक वाकते आणि आतले धागे बाहेरच्यांच्या आधी तुटलेले असू शकतात. उत्पादकाकडून नवी तार मागवा आणि ती येईपर्यंत जमिनीवरच राहा.